माजावरचा भुऱ्या

"झापड का काढलंस त्याचं?" नागनाथअण्णा मेंढरांच्या वाडग्याच्या दारातनंच वरडला.

"चरताना दिसंना त्याला. ठेचकाळतंय बिचारं," भागुअक्का म्हणाली.

"बिचारं? काल मोटारीच्या दारात आपलंच तोंड बघून धडकलं. दार चेपलं पार. ते बिचारं?"

हे भांडण आषाढ लागल्यापासनं रोजचंच होतं. मी शेजारच्या बिल्डिंगीत वाचमन. आम्ही तिघंही अथणीकडच्या एकाच गावचे, म्हणून माझा निम्मा दिवस त्यांच्याकडंच जायचा. शहराच्या कडंला, बेळ्ळंदूरच्या मागं त्यांचा तो मोकळा प्लॉट. चारी बाजूंनी काचेच्या इमारती आणि मधल्या तांबड्या चिखलात बत्तीस मेंढ्या, एक एडका. प्लॉटाचा मालक परदेशात. राखण होती म्हणून त्यानं ह्या नवराबायकोला पत्र्याची खोली घालून राहू दिलेलं.

एडक्याचं नाव भुऱ्या. त्याची आई वितानाच मेली होती. भागुअक्कानं बाटलीनं दूध पाजून, अंथरुणात घेऊन त्याला वाढवला. म्हणून त्याला माणसाचं भय असं कधी कळलंच नाही. कळपात वाढलेला एडका माजावर आला तरी माणूस बघून बाजूला सरतो. भुऱ्या सरळ अंगावर यायचा. अण्णानं जुन्या चपलेच्या कातड्याचं झापड करून त्याच्या शिंगांना बांधलेलं, समोरचं दिसू नये म्हणून. अक्का ते सोडायची.

त्या सकाळी बारीक पाऊस लागून राहिला होता. अक्का पेंडीची पाटी घेऊन आत गेली, पाठ करून वाकली. मी कंपाउंडाच्या भिंतीवरनं बघत होतो. भुऱ्या चार पावलं मागं सरला.

"अक्का, मागं बघ!"

तिनं मान वळवली तोवर तो येऊन आदळला. अक्का मेंढरांच्या पाण्याच्या दगडी दोणीवर पडली. कट्टदिशी झालेला आवाज मला भिंतीपाशी ऐकू आला. भुऱ्या परत मागं सरला आणि पडलेल्या बाईला त्यानं दुसरी धडक दिली. अण्णा काठी घेऊन मधी घुसला. शिंगावर काठी मोडली, तरी तो हटेना. शेवटी मी भिंतीवरनं उडी टाकली आणि त्याच्या तोंडावर पोतं टाकलं, तेव्हा आंधळा होऊन जागेवर थांबला.

खुबा मोडला होता. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. काठीशिवाय आता चालणं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

अण्णा दवाखान्यातनं आला तो कोयता शोधायलाच. वाडग्यात शिरणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पोरगा महांतेश एचएसआर भागात गाडी चालवतो, तो आईजवळ बसला होता. त्यानं फोन तिच्या तोंडाशी धरला.

"कापू नगासा," अक्काचा आवाज पार आत गेलेला.

"तू गप पड. माझं मी बघतो."

"किती मेंढ्या लागल्या?"

"बारा ऱ्हायल्यात."

"मग त्या बारा कुठं न्यायच्या? हितं दुसऱ्या कुणाचा एडका हाय? सगळ्यांनी मेंढरं मोडून खाल्ली. ह्याला कापलासा तर सालभर रिकामी मेंढरं राखत बसायचं."

अण्णानं कोयता खाली टाकला आणि तिथंच चिखलात बसला.

मेंढी एडक्याला लागली नाही, गाभण राहिली नाही, तर सतरा-अठरा दिवसांनी परत माजावर येते. म्हणजे तेवढे दिवस भुऱ्याला सांभाळणं आलं. अण्णानं झापड तारेनं आवळलं. दोन दोर लावले, एक माझ्या हातात, एक त्याच्या. रोज सकाळी भुऱ्याच्या छातीला तेलात कालवलेला हुरमुंजाचा लाल रंग फासायचा, म्हणजे लागलेल्या मेंढीच्या पाठीवर लाल उमटतं. दोनदा त्यानं अण्णाला भिंतीला दाबला. बरगडी धरून अण्णा उठायचा आणि परत पाटी पुढं करायचा.

"माझी बायको मोडली ह्यानं," एकदा तो म्हणाला, "अन् मी ह्याला हरभरं चारतोय."

मी माझा दोर आवळून धरला.

विसाव्या दिवशी शेवटच्या मेंढीची पाठ लाल झाली. अण्णानं कसायाला बोलावलं. टेंपो आला, फळी लावली. कसायाचे चौघं ओढत होते तरी भुऱ्या पाय रोवून उभा. एकाच्या मांडीत शिंग घातलं, तो लंगडत बाजूला गेला. बाकीचे तिघं हात लावीनात.

"तुमच्याकडं येत न्हाई?" टेंपोवाल्यानं अण्णाला विचारलं.

"माझ्याकडं कवाच न्हाई."

अक्का अजून दवाखान्यातच होती. अण्णानं महांतेशला फोन लावला. काय झालंय ते सांगितलं.

"फोन गाडीत ठेवा," अक्का म्हणाली. "आवाज मोठा करा."

अण्णानं फोन टेंपोत पार आत नेऊन ठेवला आणि बाहेर आला.

"भुऱ्याऽ... ये रं माझ्या वासरा... ये."

भुऱ्यानं कान टवकारले. झापडाखालनं त्याला काही दिसत नव्हतं. मान वर करून त्यानं वास घेतला, मग आवाजाच्या रोखानं फळीवर पाय टाकला. दोर सैल पडले. अक्का हाक मारत होती, तो चढत होता. आत जाऊन फोनपाशी उभा राहिला, तेव्हा मागचं दार लावलं. तरी तिची हाक थांबेना. शेवटी महांतेशनंच फोन बंद केला.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. अक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"सगळ्या लागल्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या."

"जेवलासा?"

"न्हाई अजून."

"महांतेशनं भाकरी आणल्यात. खावा."

अण्णानं डबा उघडला. तिनं तोंड न वळवताच सांगितलं,

"नवा एडका आणशीला तवा मोठाच बघून आणा. पिल्लू आणू नगासा."

"सरी, मोठाच आणतो," अण्णा म्हणाला.