राणीसाहेबांची शिळा

ओलाव्याची कड सरळ होती, पट्टीने आखावी तशी. झिरपणारं पाणी असं पसरत नाही. ते वेडंवाकडं उतरतं, डाग धरतं. इथे दाराएवढी एक काळी शिळा तेवढी थेंबांनी डवरली होती आणि दोन्ही बाजूंची भिंत कोरडी ठाक होती.

"सरका, सरका! राणीसाहेबाचे आसू हायेत हे!" उदयसिंग ओरडत होता. आसेगावजवळच्या या गढीचं हॉटेल झालं तेव्हा तो मॅनेजर झाला. शिळा पाझरायला लागली तसा पुजारीही. "जित्याच भितीत चिनलं त्याईले इथं! शुगर असो, मुतखडा असो, एक चमचा बस! गर्दी पाहून त्याईचं मन भरून येते. जेवढे लोक, तेवढे आसू!"

शेवटचं वाक्य मात्र खरं होतं. गर्दी वाढली की थेंब वाढत.

माझा भाऊ गजेंद्र चमचा घेऊन पुढे सरकला. त्याच्यामागे त्याची शाळकरी मुलगी शुभांगी. पोळ्याच्या आधी डॉक्टरांनी तिला इन्सुलिन लिहून दिलं होतं. आता गणपती बसले होते आणि औषधाची डबी आमच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये न फोडता पडून होती.

"एकदा सुई लागली का जलमभर लागते, मंजू," तो म्हणायचा. "पोरीशी लगन कोन करन मंग? आधी गढीत राहून पाहू."

म्हणून आम्ही इथे उतरलो होतो, नेमके शिळेमागच्या खोलीत. मी वाशीमला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मी डॉक्टर नाही, आणि बाप नाही म्हणत असताना आत्या किती ओरडणार?

खोलीतल्या एसीचा झोत थेट त्या शिळेवर येत होता. शेजारी पाटी होती: 'एसी बंद करू नये.' रिमोट नव्हताच. झोपताना मी भिंतीवरचं बटण दाबून एसी बंद केला.

सकाळी शिळा कोरडी.

"कोनाच्या तरी मनात शंका हाय!" उदयसिंग गरजला. "राणीसाहेब रुसल्या!"

"रुसल्या नाहीत. एसी मी बंद केला," मी म्हणाले. "हे जुनं दार आहे, पातळ शिळेने बुजवलेलं. मागून गार हवा, पुढून तुमच्या श्वासातली वाफ. गार पाण्याचा गिलास बाहेरून ओला होतो ना, तसंच हे. तुम्ही आपलाच श्वास पिता आहात. राणीला हात जोडायचे तर जोडा, पण कुणाचं औषध थांबवू नका."

पुढे बसलेल्या गिरजाबाई म्हणाल्या, "मंग गिलासातबी राणी असन, मास्तरीनबाई!"

हशा पिकला. बांगड्या विकणारे मुनाफभाई मात्र हसले नाहीत. ते हात जोडून म्हणाले, "बाई, समजलं मले. पन एसी लावा ना परत. घरवालीसाठी न्याचं हाय."

उदयसिंग आधीच आत धावला होता. थोड्या वेळाने शिळेवर धुकं आलं, धुक्याचे थेंब झाले आणि जयजयकार उठला. माझा पुरावाच चमत्कार होऊन बसला.

गर्दी पांगली. गजेंद्र चमचा धरून उभाच होता. शुभांगी शिळेला टेकून बसली होती. सकाळपासून तिने पाण्याचा जग रिकामा केला होता. श्वास जलद चालला होता आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास येत होता. हा वास कशाचा, ते मला ठाऊक होतं: इन्सुलिनवाचून तिचं रक्त आम्ल होत चाललं होतं.

"दादा, ही आता थांबण्यासारखी नाही," मी म्हणाले.

"पाहू," तो म्हणाला. सवयीने.

शुभांगीने बोटाने शिळेचा एक तुकडा कोरडा पुसला. मग तोंड जवळ नेऊन त्यावर हळूच श्वास सोडला. पुन्हा सोडला. जागा पांढुरकी झाली, ओलसर झाली, एक थेंब खाली घरंगळला.

"बाबा, आत्या खरंच सांगते," ती धापा टाकत म्हणाली. "हे त माह्याच तोंडातलं हाय. मी बिमार, मंग माहा श्वास मले कसा बरा करन?"

गजेंद्रने थेंबाकडे पाहिलं, मग तिच्या सुकलेल्या ओठांकडे. चमचा ओट्यावर ठेवला. त्याने तिला उचललं तेव्हा ती किती हलकी झाली आहे, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मंजू, डबी काढ," तो म्हणाला. "वाशीमले दवाखान्यात चाल. पोरीले सुई लावाची हाय."