सासूबाईंचा नेम

डब्याचं झाकण खणकलं. तान्हं नुकतं कुठे झोपलं होतं, दुपार गपगार होती. मागच्या दारात जाऊन बघते तर कोळशाच्या डब्याशी तीच, तांबड्या पाठीची माकडीण. त्यांच्या जातीचा, अंगठा नसलेला हात झाकणावर, पोटाला पिल्लू बिलगलेलं. मला बघून ती परसातल्या बदामावर चढली.

आमच्या बेटावरच्या जोझानीच्या रानाला लागून आमचं घर. सासूबाईंनी जन्मभर कोळशाच्या भट्ट्या लावल्या. ही माकडं विषारी, बसतात ते झाड वाळतं, असं अख्खं गाव म्हणतं; सगळ्यांत मोठ्यानं सासूबाई म्हणायच्या. माकडं बदामावर पाला ओरबाडायला आली, की शिव्या देत कोळसे भिरकावायच्या. एकही लागत नसे. माकडं उतरून ते उचलत आणि कुडुमकुडुम खात.

लग्न होऊन आले तेव्हा मी हसले होते. "आई, एवढ्या जवळून नेम चुकतो?"

"डोळे गेले गं माझे," तांदळातला बारीक खडा टिपत त्या म्हणाल्या.

एकदा मदत म्हणून मी दगड उचलला, तर त्यांनी मनगटच धरलं. "दगड नको, सिवेमा. लेकुरवाळी आहे ती. पाला पोटाला बाधतो, त्यावर कोळसा लागतो त्यांना."

"मग हातानं द्या की."

"आणि लाडावून ठेवू? माणसाची भीती मोडली की सडकेवर जातात, गाडीखाली येतात. खाऊ देत, पण शिव्यांबरोबर."

रमजानाआधी सासूबाई गेल्या. नवऱ्यानं, वुआईनं, गॅस आणला. "तो डबा शेजारी देऊन टाक," म्हणाला.

"आईंच्या शेवटच्या भट्टीचा आहे. हलणार नाही."



आता मी डब्याचं झाकण काढलं. तळाशी मूठभर कोळसे उरले होते. "मेली विषारी माकडं, निघा इथून," मी म्हटलं, तान्हं उठेल म्हणून अगदी हळू. आणि एक तुकडा भिरकावला, बेतानं चुकवून.

माकडीण उतरली, तुकडा उचलला, चावला. पिल्लानं तिच्या ओठांवरची काळी भुकटी हुंगली, मग चाटली.

माझी थोरली, चार वर्षांची रिझिकी, डब्यात डोकावून बघत होती.

"आई, आजीनं केलेले कोळसे संपले, की माकडांना कळेल, आजी गेली ते?"