निवांत हाय की

आकारामच्या स्वप्नात मागांना आवाजच नसायचा. कबनूरच्या शेडमधले चोवीस माग मुक्यानं चालायचे, पांढरं कापड निघत राहायचं, पायाशी, गुडघ्याशी, मग छातीपर्यंत यायचं, आणि उभा जन्म माग दुरुस्त करण्यात घालवलेला आकाराम हात खाली सोडून नुसता उभा. जाग आली तरी ते कापड सरत नसे. माणसं, चहा, बायकोचा आवाज, सगळं त्याच्या पलीकडून यायचं.

छाती धडधडते म्हणून हृदय तपासून झालं. ते ठणठणीत निघालं, तेव्हा त्याला कोल्हापुरात मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर अवंतिका अकोल्याच्या, इथं येऊन जेमतेम तीन महिने झालेले. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं की गोळी लागू पडायला काही आठवडे जातात, सुरुवातीला मळमळेल, तोंड सुकेल, पण आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि इथं आलं की खरं बोलायचं.

हे शेवटचं पथ्यच अवघड होतं. आमच्याकडं "काय, निवांत?" विचारलं की "निवांत हाय की" म्हणायचं, ही रीत. घराला आग लागली तरी माणूस आधी निवांत म्हणेल आणि मग बादली शोधेल. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं, आणि आकारामच्या तोंडून रीतच बाहेर पडली. झोप? तीबी निवांत. डॉक्टर खूश झाल्या, तसं लिहून घेतलं आणि एकदम दोन महिन्यांनी बोलावलं.

त्याची बायको तानाबाई बाहेर बसली होती. आत येऊ नको म्हणून त्यानंच बजावलं होतं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून दोघं रंकाळ्यावर येऊन बसली. ऊन कलत होतं. पाणी हलतंय की थांबलंय, काही कळत नव्हतं. बघता बघता तेही पांढरं दिसायला लागलं. तानाबाईनं आत काय बोलणं झालं ते विचारलं, त्यानं सांगितलं.

ती हळू म्हणाली, "रोज पहाटं न्हाणीत नळ सोडून रडताय. मला ऐकू येतंय की. बत्तीस वर्सं मलाबी निवांतच सांगत आलाय, मी कधी मानलं न्हाय. पर ती पोरगी लांबची हाय. तिला खरंच वाटलं असंल."

आकारामला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला आणि तसाच दवाखान्याकडं मागं फिरला, तानाबाई पाठोपाठ.

डॉक्टर निघायच्या बेतात होत्या. "मॅडम, मगाशी खोटं बोललो," तो दारातूनच म्हणाला. "सकाळी उठूच नये वाटतंय."

त्या परत खुर्चीत बसल्या. जीव द्यावासा वाटतो का, असं त्यांनी सरळ विचारलं. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कधी कधी वाटतं, असं तो म्हणाला, आणि छातीवरचं ओझं इतकं उतरलं की त्याला रडू फुटलं. डॉक्टरांनी तानाबाईला आत घेतलं, गोळी वाढवली, दर आठ दिवसांनी यायचं ठरवलं, अडीनडीला फोन नंबर दिला. गोळ्या तानाबाईनं सांभाळायच्या. औषध फुकट गेलेलं नाही, अजून लागू पडायचंय, असंही सांगितलं.

"नवीन सूत चढिवल्यावर पयलं चार वार कापड खराबच निघतंय," आकाराम डोळे पुसत म्हणाला.

"मग निवांत म्हणजे काय हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हंजे फुडं इचारू नगा," तानाबाई म्हणाली.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी डोळा लागला आणि आकारामला तेच स्वप्न पडलं. पांढरं कापड निघत होतं, पण कुठंतरी कोपऱ्यात एक माग खडखडत होता. एकच. तो उठून त्याच्या दिशेनं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. शेडच्या दारात मालक, आण्णा, भेटले. "काय आकाराम, निवांत?" म्हणाले आणि रीतीप्रमाणे उत्तराला न थांबता पुढं निघाले.

आकाराम थांबला. त्यानं जरा विचार केला.

"आज हाय," तो म्हणाला. "काल न्हवतो."

आण्णा चार पावलं गेले होते, ते परत आले.