वेचणीतली हजेरी

मनकर्णानं दोन्ही हातांनी पराटीची दोन बोंडं एकदम मोकळी केली, कापूस ओटीत कोंबला आणि मान वर केली, तेव्हा पंतोजी शेताच्या धुऱ्यावरून पळत येताना दिसले. वहाणा हातात, धोतर गुडघ्यापर्यंत दहिवरानं भिजलेलं. साताऱ्याकडून शाळा चालवायला आलेला हा भिडस्त ब्राह्मण वलगावात कुणी कधी पळताना पाहिला नव्हता. मागे बैल लागला तरी ते नुसते झपझप चालत.

“बाई, शाळा तपासायला डिपुटीसाहेब आले,” धापा टाकत ते म्हणाले. “न कळवता आले. चावडीच्या पडवीत पोरांच्या जागी नुसत्या चिमण्या. शाळा कुठं आहे म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आणतो.”

“मंग?”

“मग काय! माझी पोरं द्या. सगळी, आत्ताच्या आत्ता.”

मनकर्णानं मागे वळून पाहिलं. पोरं काही दिसली नाहीत. पराटी कमरेइतकी, आणि मधून मधून तुरीच्या ओळी डोक्याहून उंच. त्यात वलगावची अख्खी शाळा वाकून कापूस वेचत होती.

ही शाळा रिकामी केली होती तिनंच. कुठल्या तरी परमुलखात लढाई पेटली होती, त्यामुळे विलायतेला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या बोंडाला असा काही भाव आला होता, की लोक तुळशीच्या आळ्यातसुद्धा सरकी टोचायला निघाले होते. शेतं पांढरीफेक फुटली, पण वेचायला हात कुठून आणायचे? धडधाकट माणसं आगगाडीच्या सडकेवर माती टाकायला गेलेली. तेव्हा मनकर्णा दारोदार फिरली. पोरांना मोठ्या माणसाइतकी मजुरी कबूल केली, वर गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी पंतोजींसमोर पाट्या होत्या, पोरं नव्हती.

पंतोजी भांडायला आले होते, पण भांडणं हा काही त्यांचा प्रांत नव्हे. शेवटी तोड तिनंच काढली. दहिवर आहे तोवर पोरं माझी, ऊन चढलं की तुमची. ओलाव्यात कापूस कसा स्वच्छ निघतो. एकदा ऊन लागलं की वाळल्या पानांचा चुरा त्याला चिकटतो आणि व्यापारी नाक मुरडतो. पंतोजींनी मान डोलावली. तेव्हापासून शाळा दुपारची भरत होती, आणि बरी भरत होती. सरकारला तेवढं कळवायचं राहून गेलं. म्हणजे खरं तर पंतोजींना धीर झाला नाही.

आता ते अंगाशी आलं होतं. गावानं जागा द्यायची, वर्गणी द्यायची आणि पगार सरकारनं, असा करार होता. पण साहेब येईल तेव्हा वीस पोरं हजर पाहिजेत. एक कमी भरलं तरी पगार बंद, आणि शाळा उचलून दुसऱ्या गावाला.

“साहेबाले सांगा ना, दुपारी या मनून,” मनकर्णा म्हणाली.

“ते मागंच येताहेत, बाई.”

खरंच, तुरीच्या शेंड्यांवरून एक लाल पगडी डुलत येत होती.

शाळा गेली तर मनकर्णाचं काय जाणार होतं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं फटकन उत्तर दिलं असतं, की काही नाही. ते खरं नव्हतं. चावडी तिच्या शेताला लागूनच. वर्षभर ती निंदता-खुरपताना पंतोजींची हजेरी ऐकत आली होती. सगळी वीस नावं तिला जात्यावरच्या ओवीसारखी क्रमानं पाठ होती. शेवटचं नाव तिच्या खुशालचं. तो ‘हजर’ म्हणेपर्यंत तिचं खुरपं जागच्या जागी थांबे, आणि मग दिवस सुरू होई. हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

आणि आज खुशाल नव्हता. बापाबरोबर, जानरावांबरोबर, तो कापसाच्या बैलबंड्या घेऊन अमरावतीला गेला होता.

डिपुटीसाहेब धुऱ्यावर उतरले. वयस्क, स्थूल, डोळ्यांखाली प्रवासाचा शीण. त्यांच्या तट्टानं लगेच पराटीत तोंड घातलं, तसा त्यांनी लगाम ओढून धरला.

“काय पंतोजी, शाळा दाखवता ना?”

पंतोजींनी मनकर्णाकडे पाहिलं. मनकर्णानं पदर पुढे ओढला.

“हेच शाळा हाये जी,” ती म्हणाली. “बसाची जागा तेवढी बदलली.”

साहेबांनी शेतावरून नजर फिरवली. पराटीत कुठं कुठं पानं हलत होती, बाकी माणसाचा मागमूस नव्हता.

“असं? मग घ्या हजेरी,” ते म्हणाले.

मनकर्णा झटकन तुरीच्या आड झाली आणि वाकून कापूस वेचू लागली. हात चालत होते, कान धुऱ्यावर. पंतोजींनी घसा खाकरून पहिलं नाव घेतलं.

“हजर!” तुरीतून आवाज आला.

दुसरं नाव. “हजर जी!” हा ओढ्याच्या अंगाचा. पुढचा आवाज गूळ तोंडात धरून आला. एक अगदी साहेबांच्या पायाजवळून आला, तसे तेही दचकले. नावामागून नाव, कुठून कुठून ओ येत होती, आणि सगळं शेत बोलत असल्यागत वाटत होतं. साहेब डोळे मिटून बोटांच्या पेरांवरून अंगठा सरकवत होते.

“खुशाल जानराव,” पंतोजी म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता.

कुणी ओ दिली नाही.

तुरीच्या वाळत्या शेंगा खुळखुळल्या. साहेबांचा अंगठा एकोणिसाव्या पेरावर थांबला होता. मनकर्णाचे हात थांबले. खुशालच्या आधीची तिची दोन लेकरं देवीच्या साथीत गेली होती. हाक मारावी आणि ओ मिळू नये, अशी सकाळ तिनं दोनदा पाहिली होती. खुशाल तर नुसता बाजाराला गेलेला. संध्याकाळी बत्ताशांची पुडी घेऊन यायचा होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी पोराचं नाव तसंच हवेत लोंबकळत राहिलेलं तिला सोसवेना.

“हजर!”

आवाज तिनं बारीक काढला होता, पण निघाला तो बाईमाणसाचाच. कुठंतरी एक पोरगं फिसकन हसलं आणि लगेच कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातल्याचं ऐकू आलं.

साहेबांनी डोळे उघडले. आवाज आला त्या तुरीकडे त्यांनी पाहिलं. मग अंगठा पुढे सरकला.

“वीस,” ते म्हणाले.

पंतोजींनी हात जोडले. साहेब तट्टाकडे वळले.

“वेळ बदलली तर आधी कळवत जा. वेचणी संपेस्तोवर दुपारची शाळा हवी असा अर्ज करा, मी शिफारस करतो.” रिकिबीत पाय ठेवून ते थांबले. “आणि तो शेवटचा मुलगा. होळीच्या सुमारास मी परत येईन. वाचायला त्यालाच पहिला उभा करणार.”

“खुशाल हुशार आहे, साहेब. घडाघडा वाचतो.”

“खुशालचं म्हणत नाही मी. आज ज्यानं ओ दिली, त्याचं म्हणतोय.”

तट्टू ओढ्यापलीकडे गेल्यावर मनकर्णा बाहेर आली. ओटी अर्धीच भरलेली.

“शाळा राहिली, बाई!” पंतोजींचे डोळे भरून आले होते.

“अन् माह्यं काय आता? मले कुठं वाचता येते?”

“ते... साहेब विसरून जातील हो. इतक्या शाळा असतात त्यांना.”

“तो मानूस नाई विसराचा,” ती म्हणाली, आणि ऊन चढायच्या आत उरलेली ओळ संपवायला परत वाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा भरली तेव्हा मनकर्णा चावडीवरून दोनदा जाऊन आली. एकदा पाण्याच्या निमित्तानं, एकदा उगाच. बायका काय म्हणतील, पोरं कशी हसतील, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तिला खरोखर भीती वाटत होती. आत पंतोजींनी हजेरी सुरू केली. एकेक नाव आपल्या क्रमानं येत शेवटाशी पोचलं.

“खुशाल जानराव.”

“हजर!”

आवाज दोन आले. खुशालनं मागे वळून पाहिलं. दाराच्या चौकटीशी त्याची माय उभी होती. डोक्यावर पदर, ओटी अजून कमरेला तशीच बांधलेली, तिच्यात चिकटून राहिलेला थोडा कापूस. पंतोजी उठून उभे राहिले होते, आणि पोरांत कुणीच हसत नव्हतं.

“माय, तू काहून आली वं?” खुशालनं हळूच विचारलं.

“काल हजेरी लागली माही,” ती म्हणाली. “सरक.”

खुशालनं पाटी दोघांच्या मधे ठेवली आणि सरकून बसला.