चारची फेरी

ताईंनी तिसऱ्यांदा दार ठोठावलं आणि फळीला कान लावला. आतून काहीच आवाज आला नाही.

एरवी पहिल्याच टकटकीला उत्तर यायचं, "हां, बोला, कोण?" आत राहणाऱ्या ऑपरेटरबाईंची उभी हयात टेलिफोन खात्यात गेली होती. गुडघे कामातून गेले, तरी आवाज अजून खणखणीत होता. अशी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची सात घरं ताईंनी आपल्या सेवागटातल्या सात मुलींना वाटून दिली होती. वर्षभर रोज दुपारी चारला जायचं, आणि आतून आवाज ऐकल्याशिवाय वहीत 'ठीक' लिहायचं नाही, हा नियमही ताईंचाच. त्या वहीवर आज सेवा पुरस्कार ठरणार होता. अकराला परीक्षकबाई गटाच्या खोलीवर येणार होत्या, आणि ही बातमी सांगायला ताई सकाळपासून घरोघर फिरत होत्या. सहा दारं उघडली होती. हे सातवं.

कडीत वर्तमानपत्रं खोचलेली होती. ताईंनी तारखा पाहिल्या. शनिवार, रविवार आणि आजचं.

शनिवार-रविवार कुणी आलंच नव्हतं. खोलीत लावायचे तक्ते रंगवायचे राहिले होते, म्हणून ताईंनीच मुलींना थांबवून घेतलं होतं. "दोन दिवसांत काही आभाळ कोसळत नाही," असं म्हणून शुक्रवारीच त्यांनी वहीत दोन्ही दिवसांपुढे स्वतःच्या हाताने 'ठीक' लिहून टाकलं होतं. ताई एरवी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसायच्या. कपडा घेताना त्यावरचा डाग गिऱ्हाइकादेखत पावतीवर लिहायचा, हे नव्या पोरींना दम देऊन शिकवायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"बाई," त्यांनी हाक मारली.

समोरचं दार उघडलं. चाव्या बनवणारे काका हातात कानस घेऊन बाहेर आले.

"त्यांना काल नेलं," ते म्हणाले.

"कुठे?" ताईंनी विचारलं.

"दवाखान्यात. खुबा मोडलाय. आज ऑपरेशन आहे, पण या वयात काय सांगावं." काकांनी कानस खिशात घातली. "शनिवारी सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. मी दोन दिवस बहिणीकडे होतो, काल दुपारी आलो तर तुमची ती बारकी पोर दार बडवत होती. मीच कुलूप काढलं."

बारकी म्हणजे मुंगी. गटातली सर्वांत लहान; हे घर तिच्याच वाटणीचं.

"बाई शुद्धीवर होत्या?"

"होत्या ना. पक्क्या हुशार. सांगत होत्या, चारच्या आत ओरडलेच नाही, आवाज राखून ठेवला. चारला मुलगी येणार म्हणून." काकांनी बंद दाराकडे पाहिलं. "शनिवारी चारपासून अंधार पडेपर्यंत हाका मारत होत्या म्हणे."

ताई जिना उतरून तशाच गटाच्या खोलीवर गेल्या.

खोलीत मुली खुर्च्या मांडत होत्या. मुंगी एकटीच कोपऱ्यात, वही पोटाशी धरून बसली होती. ताईंना पाहताच ती उठून उभी राहिली आणि भिंतीला टेकली.

"काल का गेलीस तू?" ताईंनी विचारलं.

"रंग आणायला जाते असं सांगून गेले. मला करमेना. रोज जायची सवय झालीय ना."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

मुंगीने मान खाली घातली. "वहीत तुम्ही ठीक लिहिलं होतं. सांगितलं असतं तर पुरस्कार गेला असता. तुम्ही रागावला असता."

एवढीशी पोर रात्रभर हे पोटात घेऊन झोपली होती, आणि तिला भीती वाटत होती ती ताईंची.

बाहेर फाटक वाजलं. एक मुलगी खिडकीतून म्हणाली, "आल्या."

ताईंनी वही घेतली आणि शनिवारचं पान काढलं. मग पेनाचं टोपण काढलं.

"ताई, खोडलं तर दिसेल," मुंगी पुटपुटली.

ताईंनी खोडलं नाही. 'ठीक' शब्दाच्या पुढे त्यांनी लिहिलं, 'शनिवारी कुणी गेलं नाही. मी नको म्हटलं होतं.' खाली सही केली. मग रविवारपुढे लिहायला पेन मुंगीच्या हातात दिलं.

"तू काय पाहिलंस ते लिही. सगळं लिही. मी त्यांना थांबवते."

आणि पदराने तोंड पुसून त्या दाराकडे गेल्या.