नाचघरातले अकरा मोजे

आमच्या होन्कापेरा गावच्या नाचघरात शिरलं की बटाट्याच्या तळघरात उतरल्यासारखा वास यायचा, आणि त्यावरून नाचघर पुसणारी लेम्पी आणि ताइस्तो यांची वर्षभर जुंपलेली होती. ती म्हणायची, छप्पर याच्या बापानं घातलंय, तेच गळतंय. तो म्हणायचा, ही बया जमीन पुसत नाही, भिजत घालते.

तेवढ्यात तालुक्याहून पत्र आलं. भिंतीत बुरशी सापडली तर नाचघराला कुलूप. गावातलं दुकान गेलं, शाळा गेली, बसही गेली. शनिवारचा हा नाच तेवढा उरला होता. तोही गेला तर एकमेकांची तोंडं थेट कुणाच्या तरी दफनालाच दिसणार.

मार्चमध्ये पिर्क्को नावाची तपासणीवाली बाई बुरशी हुंगणारी कुत्री घेऊन आली. कुत्रीचं नाव हिल्ला. बुरशीचा वास आला की खाली बसायचं, एवढंच तिचं काम. अख्खं गाव बघायला जमलं.

हिल्लानं छपराकडे पाहिलं नाही की जमीन हुंगली नाही. खिडकीखालच्या हवेच्या झरोक्यापाशी जाऊन बसली. पिर्क्कोनं जाळी काढून हात घातला आणि एक लोकरीचा मोजा ओढून काढला. ओलाचिंब, हिरवट, पण त्यावरची लाल रेनडिअर ओळखू येत होती. तीन पायांची रेनडिअर आमच्याकडे एकटी लेम्पीच विणते.

"घोट्याला वारं झोंबायचं गं," लेम्पी म्हणाली. "येकच तर कोंबला व्हता."

ताइस्तो पोट धरून हसत होता, तोवर हिल्ला दुसऱ्या झरोक्यापाशी बसली. तिथला मोजा होडीएवढा निघाला. एवढा पाय गावात एकाचाच, ताइस्तोचा. तिसऱ्यात माझा निघाला, तो तिथं कसा गेला ते विचारू नका.

अकरा झरोके, अकरा मोजे. प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीचे दहा उघडेच आहेत.

पिर्क्कोनं ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावलं. "छप्पर ठीक आहे, जमीनही ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही इथं घाम गाळता, कॉफी उकळता, ओले कोट टांगता. ती वाफ जाणार कुठे? भिंतीत मुरते. पण बुरशी अजून मोज्यांतच आहे, लाकूड कुजलेलं नाही, म्हणून यंदा कुलूप नाही. झरोके उघडे ठेवा. पुढच्या मार्चला एक जरी मोजा सापडला, तर कुलूप मी स्वतः लावीन."

पुढचा हिवाळा आला. वास गेला, पण अकराही झरोक्यांतून बर्फाचं वारं येतं. आम्ही कोट, टोपी, मफलर घालून नाचतो. अकॉर्डियनवाला हातमोजे घालून वाजवतो आणि निम्मे सूर चुकवतो. तरी थंडी वाजतेय असं कुणी म्हणत नाही. जो म्हणेल त्याचे बूट काढून दोन्ही पायांत मोजे आहेत का ते बघायचं, असं गावानं ठरवलंय.