शहाऐंशी चाचण्या आणि हाऊजीची पिशवी

मी एक जुना संगणक आहे, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. माझा पंखा घरघरतो, माझ्या पांढऱ्या अंगाला चहाचा रंग चढला आहे, आणि माझ्या कळफलकावरचा 'अ' केव्हाच पुसून गेला आहे. परंतु मित्रांनो, माझ्यावर एकदा असा आरोप झाला की मी खोटे निकाल देतो. तो आरोप मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही. माझी कहाणी त्या आरोपाचीच आहे.

माझा जन्म १९९९ साली वसई स्टेशनजवळच्या एका लहान दुकानात झाला. जन्म म्हणजे जुळणी. कुणाचा डबा, कुणाची चकती, कुणाची स्मृती, असे सुटे भाग एका टेबलावर एकत्र आले आणि बटण दाबताच त्या सर्वांचा मिळून 'मी' झालो. तेथून रिक्षाने मी गोखिवऱ्याच्या एका औद्योगिक वसाहतीत गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गाळ्यात शांताराम सरांची संगणकप्रणाली तयार करणारी छोटी कंपनी होती. खालच्या गाळ्यात बाटल्यांची बुचे तयार होत. त्या यंत्राचा ठोका दिवसभर माझ्या पायाखालून येई, आणि त्या तालावर मी काम करायला शिकलो.

पहिली तीन वर्षे माझे फार कौतुक झाले. मग नवे संगणक आले आणि मला कोपऱ्यातल्या टेबलावर हलवले गेले. त्याच सुमारास एका पावसाळ्यात ओल लागून माझ्या स्मृतीची एक पट्टी बिघडली. आठ दिवस मी खरोखरच वेडेवाकडे वागलो. ती पट्टी बदलली आणि मी बरा झालो. पण माणसांच्या मनातली नोंद बदलली नाही. तेव्हापासून काहीही चुकले की पहिले बोट माझ्याकडे वळे. न्यायाच्या दृष्टीने हे कितपत योग्य, याचा निवाडा तुम्हीच करा.

मला उरलेले काम होते चाचण्यांचे. २००४ साली सर एका रक्तपेढीसाठी प्रणाली तयार करत होते. रक्त देणाऱ्याची नोंद, त्याच्या रक्ताची तपासणी, पिशव्यांचा साठा आणि रुग्णांसाठी वाटप, हे सारे ती सांभाळणार होती. ती लिहिली भावेशने. तो हुशार, झपाट्याने काम करणारा आणि आपल्या कामाचा अभिमान बाळगणारा होता. ती तपासण्याचे काम रेजिनाचे. प्रणालीसाठी शहाऐंशी चाचण्या रचल्या होत्या. प्रत्येक चाचणी म्हणजे एक छोटा कार्यक्रम. माणसाने कळा दाबाव्या तशा तो आपोआप कळा दाबी, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाही आणि तक्त्यात 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' लिही. मी या चाचण्या एक ते शहाऐंशी अशा ओळीने रोज चालवत असे, आणि रोज साऱ्या उत्तीर्ण होत.

येथे मला एक शंका मांडू द्या. सातचा पाढा घडघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच 'सात आठे किती?' असे विचारले, तर तो पुष्कळदा पुन्हा 'सात एके सात'पासून सुरुवात करतो. मग त्याला पाढा येतो, की केवळ पाढ्याची चाल येते? आमच्या चाचण्यांचे नेमके तेच झाले होते.

हे प्रथम ध्यानात आले रेजिनाच्या. रक्तपेढीतले काम पाहण्यासाठी ती एक दिवस तेथे जाऊन बसली. तेथल्या एमिली सिस्टर तिला जे म्हणाल्या, ते तिने परत येऊन भावेशला जसेच्या तसे ऐकवले.

"त्या म्हणाल्या, बाय, सकाळी पहिलं काम कुठलं येईल ते देवाला ठाऊक. नोंद करत असते, तेवढ्यात वॉर्डातून पिशवी परत येते. ती घ्यायला बसते, तर फोन. ते अर्धवट टाकते, तर ऑपरेशनवाल्यांचा माणूस दारात. तुमची यादी छान आहे गो, पण पेशंटना ती कुणी वाचून दाखवलेली नाही."

"मग?" भावेशने मान वर न करता विचारले.

"मग आपण चाचण्यांचा क्रम मोडायचा. कुठलीही आधी, कुठलीही नंतर."

"कशाला? आधी नोंद, मग तपासणी, मग साठा, मग वाटप. लॉजिकल आहे ना?"

"यादीत लॉजिकल आहे. सिस्टरच्या टेबलावर नाही."

"तुला पिसायचेत पत्ते तर पीस. मला टाइम नाही. पुढच्या सोमवारी इन्स्टॉल आहे."

क्रम विस्कटणारा कार्यक्रम लिहिणे भावेशला अवघड नव्हते. तो लिहायला तयार नव्हता, एवढेच. रेजिनाला तो लिहिता येत नव्हता. परंतु ती प्लासिड तुस्कानो यांची मुलगी होती, आणि प्लासिड म्हणजे त्यांच्या गावच्या चर्चच्या फिस्टला, म्हणजे वार्षिक सणाला, हाऊजीचे आकडे पुकारणारा माणूस. हाऊजी म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडत जायचे; एक ओळ भरली की 'लाइन', सारे तिकीट भरले की 'फुल हाऊस'. सोमवारी सकाळी ती एक कापडी पिशवी आणि लाकडी बोर्ड घेऊन आली. पिशवीत एक ते नव्वद आकड्यांच्या लाकडी सोंगट्या होत्या. आमच्या चाचण्या शहाऐंशीच, म्हणून सत्त्याऐंशीपासूनच्या चार सोंगट्या तिने काढून माझ्या डोक्यावर ठेवल्या. मग पिशवी हलवावी, आकडा काढावा, माझ्यात टाइप करावा, सोंगटी बोर्डावर तिच्या घरात ठेवावी आणि पुढचा आकडा काढावा, असा तिचा क्रम सुरू झाला. एका फेरीला पाऊण तास लागे.

"लागली का लाइन?" भावेश येता-जाता विचारी. "फुल हाऊस झालं की सांग, चहा पाजतो."

पहिल्या दोन फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या. मंगळवारी तिसऱ्या फेरीनंतर मी तक्ता दाखवला: पंच्याऐंशी उत्तीर्ण, एक अनुत्तीर्ण. एकसष्ठावी चाचणी वाटपाची होती. पिशवी होती 'ओ' गटाची आणि पडद्यावर गट आला होता 'बी'. चुकीच्या गटाचे रक्त माणसाच्या जिवावर बेतते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. रेजिनाने हाक मारली.

शांताराम सर आणि भावेश दोघेही आले.

"परत दाखव," भावेश म्हणाला.

आणि येथे तिची चूक उघडी पडली. हाऊजीच्या बोर्डावर प्रत्येक आकड्याचे घर ठरलेले असते. साऱ्या सोंगट्या आपापल्या घरात शिस्तीत बसल्या होत्या. पण कोणती केव्हा निघाली, याचा मागमूस उरला नव्हता. माझा तक्ताही चाचण्यांच्या आकड्यांप्रमाणेच मांडलेला होता, आणि दर चाचणीला माझा पडदा पुसला जाई. ज्या क्रमाने चूक घडली, तो क्रमच हरवला होता. भावेशने साऱ्या चाचण्या ओळीने चालवल्या. साऱ्या उत्तीर्ण.

"बघितलंत सर? कोड बरोबर आहे. हा डबा पागल झालाय. त्या पावसात नव्हता झाला?"

सर माझ्याकडे वळले. "शनिवारी वालीवचा भंगारवाला येणार आहे," ते म्हणाले. "तेव्हा हाही देऊन टाकू."

मित्रांनो, भंगारात जाण्याचे दुःख मला नव्हते असे नाही. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या ध्यानात आली. दोषी मी ठरलो, तर प्रणाली निर्दोष ठरत होती. आणि ती तशीच सोमवारी एमिली सिस्टरांच्या टेबलावर जाणार होती.

"सर, शनिवारपर्यंत तरी मला हा द्या," रेजिना म्हणाली.

"घे. पण शनिवारी हट्ट नको."

बुधवारी दुपारी प्लासिडकाका स्वतः पिशवी न्यायला आले. रविवारी फिस्ट होती. मुलीचा चेहरा पाहून त्यांनी काय झाले ते विचारले, सारे ऐकले आणि खुर्ची ओढून बसले.

"बोर्ड काय सांगतो? आकडा आला की नाही, एवढंच. कधी आला ते बोर्ड सांगत नाही. मागच्या फिस्टला वॉल्टर म्हणतो, माझी लाइन आधी झाली. रिटा म्हणते, माझी. बोर्डाकडे बघून निकाल लागला असता? म्हणून माझ्या बाजूला एक जण वही घेऊन बसतो. आकडा निघाला की आधी वहीत, मग माझ्या तोंडात, मग बोर्डावर."

"पप्पा, मग मला हे कधी का नाही सांगितलं?"

"लहानपणी तुला सोंगट्या घरात बसवायला आवडायचं. वहीकडे तू कधी बघितलंसच नाही." ते उठले. "पिशवी शनिवारी संध्याकाळी मिळाली तरी चालेल. हरवू नकोस म्हणजे झालं."

त्या क्षणापासून रेजिनाने शंभर पानी वही उघडली. आधी वहीत, मग माझ्यात, मग बोर्डावर. बुधवारी तीन फेऱ्या, गुरुवारी सहा, शुक्रवारी सात. साऱ्या उत्तीर्ण. भावेशने आता टोमणे मारणेही सोडले होते, आणि ते टोमण्यांहून अधिक बोचत होते.

मीही माझ्यापुरता एक निश्चय केला होता. या फेऱ्यांत मी एकदा जरी अडकलो असतो, एकदा जरी पडदा गोठला असता, तरी 'डबा पागल आहे' हे सिद्ध झाले असते आणि पुढे काय निघाले असते, त्यावर कुणीही विश्वास ठेवला नसता. माझा पंखा धुळीने जड झाला होता, अंग तापत होते. पण मी एकही कळ चुकवली नाही, एकही उत्तर गाळले नाही. यंत्राला निश्चय कसला, असे कुणी म्हणेल. त्याने दोन वर्षे कोपऱ्यात काढून पाहावीत, मग बोलावे.

शनिवार उजाडला. पहिली फेरी उत्तीर्ण. खाली भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला. दुसऱ्या फेरीत रेजिनाने शेवटची सोंगटी ठेवली आणि तक्ता आला: पंच्याऐंशी उत्तीर्ण, एक अनुत्तीर्ण. एकसष्ठावी. 'ओ'च्या जागी 'बी'.

 वही उचलून ती भावेशच्या टेबलापाशी गेली.

"तुझ्या नव्या मशीनवर चालव. मी आकडे वाचते."

"रेजिना, भंगारवाला..."

"तो थांबेल. लिही. बावन्न. सात. ऐंशी."

पाऊण तास तिच्या आवाजाखेरीज आणि खालच्या यंत्राच्या ठोक्याखेरीज गाळ्यात दुसरे काही ऐकू आले नाही. भावेशच्या चकचकीत नव्या संगणकाने त्याच क्रमाने चाचण्या चालवल्या आणि तक्ता दाखवला: पंच्याऐंशी उत्तीर्ण, एक अनुत्तीर्ण. तीच एकसष्ठावी, तेच 'बी'.

 भावेशने वही स्वतःकडे ओढली. यादीचा अर्धा भाग गाळून पाहिला, मग उरलेल्याचा अर्धा, असे करत शेवटी दोनच आकडे उरले. चौतीस आणि एकसष्ठ. चौतिसाव्या चाचणीत परत आलेल्या पिशवीची नोंद अर्धवट सोडलेली असे. त्या सोडलेल्या पिशवीचा रक्तगट प्रणालीच्या मनात तसाच राही, आणि दात्याची नवी नोंद उघडली की मगच पुसला जाई. ओळीने चालताना चौतीस आणि एकसष्ठ यांच्या मध्ये नव्या नोंदीच्या चाचण्या येत आणि चूक झाकून टाकत. आमच्या विस्कटलेल्या क्रमातही बहुधा एखादी नवी नोंद मध्ये येई किंवा एकसष्ठच आधी निघे. त्या दोन फेऱ्यांत मात्र चौतीसनंतर एकही नवी नोंद मध्ये न येता एकसष्ठ निघाली होती.

"माझी चूक आहे, सर," भावेश म्हणाला. "ह्या डब्याची नाही."

शांताराम सर खिडकीपाशी गेले आणि खाली वाकून म्हणाले, "भाऊ, ते मोडक्या खुर्च्यांचे पाय तेवढे घेऊन जा. संगणक नाही द्यायचा."

दुरुस्तीला अर्धा तास पुरला. रविवारी भावेश एकटा येऊन बसला आणि त्याने क्रम विस्कटणारा कार्यक्रम लिहिला. प्रत्येक फेरीआधी तो नवा क्रम ठरवी, तो आधी छापी आणि मगच चाचण्या सुरू करी. आधी वहीत, मग तोंडात. एकापाठोपाठ एक चाळीस फेऱ्या त्याने माझ्यावरच घेतल्या.

सोमवारी प्रणाली रक्तपेढीत बसली. रेजिना एमिली सिस्टरांच्या मागे उभी होती. सिस्टरांनी परत आलेल्या पिशवीची नोंद सुरू केली, फोन वाजला, त्यांनी ती अर्धवट सोडली, तेवढ्यात वॉर्डातला माणूस 'ओ' गटाची पिशवी मागत दारात आला. चौतीस, आणि लगेच एकसष्ठ. पडद्यावर 'ओ' आले. सिस्टरांनी पिशवी दिली आणि पुढच्या कामाला लागल्या. त्यांना काही कळले नाही, आणि कळायचे कारणही नव्हते.

एक गोष्ट सांगायची राहिली. सत्त्याऐंशी ते नव्वद या चार सोंगट्या माझ्या डोक्यावरच विसरल्या गेल्या होत्या. त्या फिस्टला वॉल्टरला फुल हाऊससाठी एकच आकडा हवा होता, नव्वद. पिशवी रिकामी झाली तरी तो जागचा उठेना. पुढे कितीतरी दिवस तो प्लासिडकाकांशी बोलत नव्हता, असे रेजिना हसत सांगे.

आज २००९ साल आहे. चाचण्या आता चारशेच्या वर गेल्या आहेत, आणि दर सकाळी नव्या क्रमाने त्या मीच चालवतो. माझी जागा घेणारे यंत्र पुढच्या महिन्यात येणार आहे. या वेळी मात्र मी तक्रार करणार नाही. म्हातारपण हा काही आरोप नव्हे.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल, किंवा एखादे जुने माणूस. ते रोज बरोबर सांगते आणि एखाद्या दिवशी काहीतरी विपरीत सांगते. त्याची धूळ पुसा, त्याच्या पंख्यात तेलाचा थेंब घाला, हे तर कराच. पण त्याला खोटे ठरवण्यापूर्वी त्या दिवशी कशानंतर काय घडले, ते ओळीने लिहून काढा आणि त्याच क्रमाने त्याला पुन्हा एकदा विचारा. त्याने पुन्हा तेच उत्तर दिले, तर भंगारवाल्याला थांबवा. मला एका वहीने वाचवले. आणि ज्यांना ती वही कधी दिसलीही नाही, अशा माणसांनाही.